आधी लाज मोजा, मग ऑपरेशन

‘नाक कापले गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा अब्रू गेली, असा त्याचा अर्थ असतो. रूप आणि लाज यांचे नाते इतके जुने आहे. टिपूशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला एक मराठी बैलगाडीवान शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि नंतर तिकडच्या सर्जननी ही पद्धत उचलली.

त्या गाडीवानाचे नाक खरोखरच गेले होते. आज कर्जत-खालापूर भागातून माझ्याकडे “मुंबईच्या प्लास्टिक सर्जनच्या नावे चिठ्ठी द्या” म्हणत येणाऱ्या काही तरुणांचे नाक जागेवर असते, लाज मात्र तितकीच मोठी असते.

यात दोन प्रकार आहेत. भाजल्यामुळे आखडलेली मान, दुभंगलेला ओठ, अपघाताचा मोठा व्रण अशांनी संकोच न करता जावे. जे. जे. किंवा के. ई. एम. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे आणि आपल्या कर्जत लोकलने भायखळा वा परळ गाठता येते. दुसऱ्या प्रकारात दोष इतरांना दिसतही नाही किंवा अगदी किरकोळ असतो, पण त्या व्यक्तीला दिवसभर दुसरे काही सुचत नाही. इटलीचे मनोविकारतज्ज्ञ मोर्सेली यांनी १८९१ साली या आजाराचे वर्णन केले. आज त्याला ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ म्हणतात. तो शंभरात सुमारे दोघांना असतो. सौंदर्यासाठी ऑपरेशन करून घेऊ पाहणाऱ्यांत हे प्रमाण बरेच जास्त आढळते.

लाज मोजायची कशी?

रक्तदाबासारखे तिचे यंत्र नाही. प्रश्नावली मात्र आहेत. पोर्तुगालच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रश्नावलीत १४ विधाने आहेत. प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत गुण द्यायचे. त्यात लाजेच्या दोन बाजू पाहतात: लोक काय म्हणतील या भीतीने माणसांत जाणे टाळणे, आणि स्वतःच स्वतःला नावे ठेवून शरीर झाकणे.

मी चिठ्ठी देण्यापूर्वी साध्या भाषेत पाच गोष्टी विचारतो.

१. या दोषाचा विचार दिवसात तासाहून अधिक वेळ मनात असतो का?
२. आरसा वारंवार पाहता का, किंवा आरसा टाळता का?
३. लग्नकार्य, कॉलेज, नोकरी यांना जाणे टाळता का?
४. घरचे “काही दिसत नाही” म्हणतात, तरी पटत नाही का?
५. ऑपरेशन झाले की आयुष्यच बदलेल, असे वाटते का?

या उत्तरांवरून निदान होत नाही, पण बहुतेक उत्तरे ‘हो’ असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. कारण सर्जनची सुरी कातडीपर्यंत पोचते, लाजेपर्यंत नाही. अशा रुग्णांचे ऑपरेशन उत्तम झाले तरी बहुधा समाधान होत नाही. नाक झाले की हनुवटी खुपू लागते. कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून केलेला खर्च वाया जातो आणि निराशा वाढते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, म्हणून हे ‘नखरे’ समजू नयेत.

या आजारावर उपचार आहेत. विचार व सवयी बदलण्याचे समुपदेशन आणि काही गोळ्या यांनी अनेकांना आराम पडतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतून सल्ला मिळतो.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. “काळी”, “चपट्या नाकाची”, “आधी दात नीट कर, मग स्थळे बघू” ही वाक्ये आपण बोलून विसरतो, पण मुले विसरत नाहीत. लाज बहुतेक वेळा आरशात नाही, घरातल्या ओटीवर सुरू होते. ती तिथेच थांबवता येते, आणि त्याला पैसाही लागत नाही.