बूथवरचा कार्यकर्ता

आमच्या वसतिगृहात निवडणुकीचा विषय निघाला की एक विनोद हमखास होतो. "कार्यकर्ता म्हणजे कोण? जो सभेच्या आधी सतरंजी अंथरतो, सभेनंतर ती गुंडाळतो आणि मधल्या वेळात घोषणा देतो." सगळे हसतात. गेल्या वर्षी मीही हसलो होतो. परंतु हसताना माझ्या डोळ्यांपुढे माझे चुलते उभे राहिले. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी खरोखरच आयुष्यभर सतरंज्या अंथरल्या आणि गुंडाळल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि विधानसभेच्या कितीतरी निवडणुकांत त्यांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराचे काम केले, पण स्वतःला तिकीट मिळावे म्हणून कधी अर्ज भरला नाही. हा माणूस नेमके काय करतो, हे आपण समजून न घेताच हसतो, असे मला त्या रात्री वाटले. म्हणून हा लेख.

मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यातला. आईवडील ऊसतोड करतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा राज्यशास्त्राच्या पुस्तकातील व्याख्यांपेक्षा नानांच्या कामातून मला जे समजले तेच येथे मांडतो. नानांच्या पक्षाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. काम सर्व पक्षांत सारखेच आहे.

प्रथम दोन निवडणुकांमधला फरक सांगितला पाहिजे. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत आणि ती निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. जिल्हा परिषदा ३४ आहेत. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून त्या सुरू झाल्या, आणि त्यांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट म्हणतात. एका गटाचे दोन भाग केले की पंचायत समितीचे दोन गण होतात. म्हणून त्या वेळी मतदाराला दोन मते द्यावयाची असतात, एक गटासाठी व एक गणासाठी. म्हातारी माणसे एकच बटण दाबून निघू लागतात. त्यांना हे आधी घरी जाऊन समजावून सांगणे हेदेखील कार्यकर्त्याचेच काम.

विधानसभेचा उमेदवार तालुक्याचा असतो. त्याला आमची वस्ती ठाऊक असेलच असे नाही. गटाचा उमेदवार मात्र शेजारच्या गावचा, कुणाचा तरी मेव्हणा, कुणाचा तरी सोयरा असतो. विधानसभेला लोक पक्ष आणि चिन्ह पाहतात. जिल्हा परिषदेला माणूस, भावकी आणि मागच्या वेळी रस्ता कोणी अडविला हे पाहतात. दोन्ही वेळी यादी हातात धरून दारात उभा राहणारा माणूस मात्र एकच असतो.

कार्यकर्त्याचे खरे काम या यादीपासूनच सुरू होते. सभा, झेंडे, भोंगे हे सर्व नंतरचे. गावाच्या मतदार यादीचे भाग पाडलेले असतात व एका भागाला एक मतदान केंद्र असते. नानांना आमच्या भागाची यादी जवळजवळ पाठ आहे. कोण वारले, कोणती मुलगी लग्न होऊन गेली, कोणाचे नाव दोनदा आले, कोणाच्या नावापुढे बापाऐवजी चुलत्याचे नाव छापले, हे ते बोटावर सांगतात. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारा कार्यकर्ता कच्चा; पावसाळ्यातच यादी घेऊन बसणारा पक्का, असे नाना म्हणतात.

मला मे २०२४ मध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. पूर्वी १ जानेवारी हीच पात्रतेची तारीख असे. आता वर्षातून चार तारखा असतात, त्यामुळे १ जुलैच्या तारखेने माझे नाव यादीत आले. अर्ज नानांनीच भरून घेतला होता. त्याच दिवशी त्यांनी वस्तीवरील आणखी पाच मुलांचे अर्ज भरून घेतले. त्यांतील दोघांची घरे विरोधी पक्षाची होती. मी विचारले, "नाना, यांचे मत आपल्याला पडणार नाही, मग कशाला?" ते म्हणाले, "नाव सगळ्यांचं लागलं पाहिजे. मत मागायचं काम नंतरचं." हे वाक्य मला पुष्कळ दिवस पुरले.

यादीनंतर घरोघर फिरणे. रात्री एखाद्याच्या ओट्यावर घोंगडी टाकून बैठक होते. तेथे भाषण कमी आणि तक्रारी जास्त. कुणाचा पीकविमा आला नाही, कुणाच्या घरकुलाचा हप्ता अडला. नेता ऐकून निघून जातो; उत्तर पुढे पाच वर्षे कार्यकर्त्याला द्यावे लागते. गेल्या काही वर्षांत यात आणखी एक अडचण आली. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. ज्या माणसाने वर्षानुवर्षे एका चिन्हासाठी दारे ठोठावली, त्याला त्याच दारात जाऊन 'आता आपले चिन्ह वेगळे' असे सांगावे लागले, किंवा चिन्ह तेच ठेवून साहेब बदलावा लागला. मुंबईत झालेल्या निर्णयाचा जाब आमच्या पारावर कार्यकर्त्याला विचारला गेला. दोन मित्र एकाच बाकावर बसेनासे झाले, हे मी पाहिले आहे.

मतदानाच्या दिवशी कार्यकर्त्यांचे दोन भाग होतात. काही जण केंद्राबाहेर ठरवून दिलेल्या अंतरावर टेबल मांडून बसतात आणि मतदाराला यादीतील अनुक्रमांक शोधून चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीवर उमेदवाराचे नाव वा चिन्ह चालत नाही. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मत मागणे हा गुन्हा आहे. दुसरा भाग म्हणजे केंद्राच्या आत बसणारा मतदान प्रतिनिधी, ज्याला सगळे पोलिंग एजंट म्हणतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानाला नानांनी मला बदली प्रतिनिधी म्हणून बसविले. त्यांना साखरेचा त्रास असल्याने सलग बसवत नाही.

पहाटेच शाळेत जावे लागते. मतदान सात वाजता सुरू होते. त्याआधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते. किमान पन्नास मते यंत्रात नोंदवून, ती मोजून, चिठ्ठ्यांशी ताडून, यंत्र पुन्हा शून्यावर आणतात व मोहोरबंद करतात. नंतर एकेक मतदार येतो, अधिकारी नाव पुकारतो आणि प्रतिनिधी आपल्या यादीवर खूण करतो. आलेला माणूस तो नव्हेच असे वाटले तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. एखाद्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला परत पाठवता येत नाही. त्याला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देण्याचा हक्क आहे. सायंकाळी किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७ सी मध्ये लिहितात व त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्राशी ताडून पाहतात.

हे सर्व मी सविस्तर लिहिले याला कारण आहे. यंत्राबद्दल, यादीबद्दल, मोजणीबद्दल आपण कट्ट्यावर खूप शंका काढतो. त्या शंका विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे, आणि त्या जागेवर पहाटे उठून बसणारा माणूस हा तो सतरंजीवाला कार्यकर्ताच असतो. माझ्या बाकावर दोन विरोधी पक्षांचे प्रतिनिधी होते. आम्ही तिघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली आणि एकमेकांवर डोळा ठेवला. लोकशाही म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

आता ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले ती सांगतो. त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू व्हावयाचा होता आणि मतदान होते २० तारखेला. दिवाळी होताच आमच्या वस्तीवरील टोळ्या कोयते घेऊन निघून गेल्या होत्या. माझे आईवडीलही गेले. पंचाऐंशी वर्षांवरील मतदारांना त्या निवडणुकीत घरबसल्या मत देण्याची सोय होती. सैनिकांना टपाली मत आहे. उसाच्या फडातील मजुराला यांपैकी काहीही नाही. मग काय होते? उमेदवारांच्या गाड्या येतात आणि माणसे भरून आणतात. २०१७ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या मतदानाला माझे आईवडील अशाच एका जीपमधून आले होते. मी तेव्हा हंगामी वसतिगृहात जेवत होतो. आई दोन तास भेटली म्हणून ती निवडणूक मला सणासारखी वाटली होती.

परंतु कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ वाचला. त्याच्या कलम १२३ प्रमाणे मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने फुकट वाहन पुरविणे हा भ्रष्ट मार्ग आहे. मतदाराने स्वतःच्या पैशाने एस. टी. ने यावे, त्याला हरकत नाही. मी हे नानांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कायदा बरोबर आहे, बाळा. जो गाडी पाठवतो, त्याच्याच बाजूनं माणूस वळतो. पण गाडी नाही पाठवली तर तुझ्या बापाचं मत चालत येणार आहे का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षी नानांनी आमच्या भागासाठी गाडी सांगितली नाही. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, मुकादमाची उचल अंगावर आहे, दोन दिवस खाडा झाला तर परवडत नाही. सायंकाळी सहा वाजता मतदान संपले तेव्हा मी यादी चाळली. खूण नसलेली नावे पुष्कळ होती. त्यांत एकाखाली एक माझ्या वडिलांचे आणि आईचे नाव होते. यादी माझ्याच हातात होती आणि खूण करणे माझ्या हातात नव्हते. नाना माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

या प्रसंगातून मला जे कळले ते असे. कार्यकर्ता हा मतदार आणि मतपेटी यांच्यामधला रस्ता आहे. जेथे सरकारने रस्ता बांधलेला नाही, तेथे तो स्वतःच्या पाठीवर माणसे वाहून नेतो. आणि तेथेच पैशाला आत शिरण्याची वाट मिळते. आज प्रचारफेरीला रोजाने माणसे आणावी लागतात. चार दिवस रोजावर झेंडा धरणाऱ्याला यादीतल्या कोणाचेही नाव माहीत नसते. त्यामुळे नानांसारखी माणसे कमी होत चालली आहेत. शिवाय २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. गट-गणाची निवडणूक हीच लहान कार्यकर्त्याची शाळा. ती शाळा बंद राहिली तर नवी माणसे तयार कोठे होणार?

नानांना या सर्वातून काय मिळाले, असे कोणी विचारील. एकदा वस्तीवर हातपंप आला, आजीचा निराधाराचा पगार सुरू झाला, आणि साहेब गर्दीत त्यांना नावाने हाक मारतात. एवढेच. माझे वडील म्हणतात, "तू शिक, नानाच्या नादी लागू नको." वडिलांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. परंतु ज्यांना वाचता येते त्यांनी यादीकडे पाठ फिरवली, तर ती यादी कोणाच्या हाती जाईल, हाही विचार करावा लागतो.

मी पक्षाचा कार्यकर्ता होईन की नाही हे आज ठरलेले नाही. एक मात्र ठरविले आहे. येत्या पावसाळ्यात, टोळ्या निघण्यापूर्वी, मी नानांबरोबर वस्तीवर यादी घेऊन बसणार आहे. जे फडावर जातात त्यांची नावे वेगळी लिहून काढणार आणि त्यांच्या मताची सोय व्हावी असा अर्ज आयोगाकडे पाठविणार. त्या अर्जावर तिन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यावयाच्या आहेत. एका डब्यातली भाकरी खाल्लेली माणसे नाही म्हणणार नाहीत, असा मला भरवसा वाटतो.