गळा आणि बोटे

गाणाऱ्या माणसाच्या हाताशी पियानो किंवा पेटी असणे ही एका अर्थाने मोठी अनुकूलता आहे आणि दुसऱ्या अर्थाने मोठी जोखीम; कारण बोटांकडून जी मेहनत तासन्‌तास करून घेता येते तीच गळ्याकडून करून घेऊ पाहणारा शिष्य, त्याची निष्ठा कितीही निर्भेळ असली तरी, थोड्याच काळात आवाज बसवून घेतो; आणि दोहोंच्या सहनशक्तीतला हा भेद ज्याने मनाशी पक्का केला, त्याला तेच वाद्य गळ्याच्या रक्षणाचे उत्तम साधन म्हणून वापरता येते.

जेनी लिंड या स्वीडिश गायिकेची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाच्या शाळेत ती बालवयातच दाखल झाली, १८३८ मध्ये वेबरच्या संगीतिकेत तिने नायिकेची भूमिका केली, आणि त्यानंतर तीन वर्षे एकामागून एक भूमिकांचा भार तिने अशा रीतीने वाहिला की, १८४१ मध्ये ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामांकित गायनगुरूंपुढे उभी राहिली तेव्हा तिच्या आवाजात घोगरेपणा आणि थकवा यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. गुरूंनी शिकवण्यास प्रारंभी साफ नकार दिला. काही आठवडे गाणे तर नाहीच, पण बोलणेही होईल तितके वर्ज्य करावे आणि मग पुन्हा यावे, असा त्यांचा हुकूम झाला. वीस वर्षांच्या त्या मुलीने तो निमूटपणे पाळला, ही गोष्ट मला तिच्या पुढच्या साऱ्या कीर्तीहून मोठी वाटते. तालीम सुरू झाली तीही अगदी मुळाक्षरांपासून: संथ गतीचे आरोह-अवरोह, त्याहूनही संथ गतीने घोटलेला दोन स्वरांमधला कंप, आणि श्वासाविषयी कमालीची काटेकोर शिस्त. सुमारे वर्षभरात आवाज परत आला. १८४७ मध्ये लंडनने आणि १८५० मध्ये अमेरिकेने जो आवाज डोक्यावर घेतला तो हाच.

गार्सियांना हे ज्ञान किंमत मोजून मिळाले होते, कारण तरुणपणीच स्वतःचा आवाज दगा देऊ लागल्यामुळे त्यांना रंगभूमी सोडावी लागली होती. १८५४ मध्ये त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून, स्वतःचे गाते स्वरतंतू डोळ्यांनी पाहिले, आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीला आपली निरीक्षणे सादर केली. आज वैद्य घशाची जी तपासणी करतात तिचा उगम एका गायनमास्तराच्या जिज्ञासेत आहे.

त्या आरशात जे दिसते ते लक्षात घेतले म्हणजे आवाजाची काळजी का घ्यायची हे वेगळे सांगावे लागत नाही. पुरुषांत सुमारे दीड ते अडीच सेंटिमीटर आणि स्त्रियांत त्याहून आखूड असे ते दोन स्नायुमय पडदे. छातीतून येणाऱ्या हवेने ते विलग होतात आणि लगेच एकमेकांवर येऊन मिटतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीने तार षड्ज लावला की ही टक्कर सेकंदाला सुमारे ४१५ वेळा होते, म्हणजे मिनिटभराच्या तेवढ्या एका स्वरात जवळजवळ पंचवीस हजार वेळा. हवेचा दाब बेताचा असेल तर हे आघात हलके पडतात. घसा आवळून, जोर करून स्वर वर ढकलला की तेच आघात कठोर होतात, पडद्यांना सूज येते, आणि तसेच रेटून गात राहिल्यास त्यांवर घट्ट्यांसारख्या गाठी धरतात.

येथेच बोटांचा उपयोग. नवी चीज किंवा नवे गाणे बसवताना अवघड जागा गळ्याने वीस वेळा चुकत-माकत गाण्यापेक्षा ती आधी पट्ट्यांवर वाजवावी, ओठ मिटून मनात ऐकावी, नंतर हलक्या गुंजनात म्हणावी, आणि स्वरांचा मार्ग निःसंदिग्ध झाल्यावरच तोंड उघडून गावी. गळ्याचे बहुतेक श्रम स्वर शोधण्यात खर्ची पडतात, गाण्यात नव्हे. क्लारा शूमानचे वडील फ्रीडरिश वीक हे पियानो आणि गायन दोन्ही शिकवीत. १८५३ मध्ये या दोन विद्यांवर मिळून त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात आवाजावर होणाऱ्या जुलमाविरुद्ध त्यांनी कळकळीने तक्रार केली आहे. उलट दिशेनेही हे नाते खरे आहे: शोपाँ आपल्या पियानोच्या शिष्यांना मोठ्या गायकांचे गाणे ऐकण्यास सांगत असे, कारण स्वरवाक्य कोठे श्वास घेते हे बोटांना गळ्याकडूनच कळते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना आधी स्वर वाचून गाण्यास शिकवीत आणि मग व्हायोलिन हाती देत, त्यामागेही हेच शहाणपण होते.

स्वतः वाजवीत गायचे असेल तर मात्र बसण्याकडे हयगय करून चालत नाही. जेनी लिंड कित्येकदा स्वतःच पियानोवर साथ करून आपल्या उत्तरेकडील गाणी गात असे. तो साधेपणा दिसायला सोपा, करायला कठीण. उजवा हात वरच्या सप्तकाकडे सरकू लागला की खांदा नकळत कानाकडे चढतो, स्वरलिपीचा कागद उंचावर असला की हनुवटी वर जाते, आणि हे दोन्ही ताण अखेरीस स्वरयंत्राला तोलून धरणाऱ्या मानेच्या स्नायूंवर येऊन पडतात. बैठक एवढी उंच असावी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल, आणि कागद डोळ्यांच्या थोडा खाली असावा. पेटीवर डाव्या हाताने भाता हलवताना धड एका अंगाला पिळवटते. म्हणून रोजच्या गळ्याच्या मेहनतीला तंबोरा किंवा धरून ठेवलेला एक सूर पुरेसा समजावा आणि पेटी चाल पक्की करण्यापुरती घ्यावी. वाद्य मोठ्याने वाजले की गाणाराही न कळत आवाज चढवतो. भोवतालच्या गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप वाढतो हे लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले आहे.

पट्टीच्या बाबतीत आपल्याकडे एक घातक समजूत आहे, ती ही की चढ्या पट्टीचे गाणे तेवढे तयारीचे. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवणे संगीत रंगभूमीवरील नटांना भाग होते. आज तशी सक्ती कोणावर नाही. ज्या पट्टीत खर्ज स्पष्ट लागतो आणि तार पंचम ओरडावा लागत नाही ती आपली पट्टी, आणि ती पियानोवर शांतपणे तपासून नक्की करता येते. एवढे मात्र ध्यानात असावे की पियानोचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असल्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तेव्हा पट्ट्यांवर शिकलेले गाणे पक्के करण्याआधी तंबोऱ्याशी रुजू करून घ्यावे.

राहिली दैनंदिन काळजी. प्यालेले पाणी स्वरतंतूंना स्पर्श करीत नाही, ते अन्ननलिकेतून जाते. त्याचा ओलावा शरीरात मुरूनच तेथे पोचतो, म्हणून मैफलीपूर्वीच्या एका पेल्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे प्यालेले पाणी अधिक कामाचे. खाकरण्याची सवय सोडावी, त्याऐवजी आवंढा गिळावा. आवाज बसला असता जोर लावून कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यात घसा अधिकच आवळला जातो. सर्दी-खोकल्यात गाऊ नये, आणि दोन-तीन आठवडे घोगरेपणा हटला नाही तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे. त्या सक्तीच्या मौनात तालीम थांबवण्याचे कारण नाही: डाव्या हाताने षड्ज धरावा, उजव्या हाताने अस्ताई संथपणे वाजवावी, शब्द मनात म्हणावेत, आणि जेथे गाताना श्वास घेतला असता तेथे हात पट्ट्यांवरून उचलावा.