रोमन व्हिला : ग्रामीण वाड्यातील गुलामांच्या खुणा

रोमन काळातील 'व्हिला' म्हणजे केवळ श्रीमंतांचे गावाकडचे घर नव्हे. शेतजमीन, कोठारे, जनावरे आणि राबणारी माणसे यांसह चालणारे ते उत्पादनकेंद्र असे. त्याचे साधारणपणे दोन भाग पडत : मालकाच्या निवासाचा 'पार्स उर्बाना' आणि कामकाजाचा 'पार्स रुस्तिका'. पहिल्या भागातील भित्तिचित्रे व नक्षीदार फरशा टिकून राहतात. दुसऱ्या भागात राहणाऱ्या गुलामांच्या वस्तू मात्र लाकूड, दोर, कापड अशा नाशवंत असल्याने त्यांचा पुरावा क्वचितच मिळतो.

इटलीतील चिविता जुलियाना येथील व्हिला याला अपवाद आहे. पाँपेईच्या तटबंदीपासून सुमारे ७०० मीटरवर असलेला हा व्हिला इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडला गेला. चोरट्यांनी भुयारे खणून तेथे मोठी नासधूस केली होती. २०१७ मध्ये तेथे नव्याने शास्त्रीय उत्खनन सुरू झाले.

पोकळीचा पुरावा

गाडल्या गेलेल्या वस्तूंभोवती ज्वालामुखीची राख घट्ट होते. आतील लाकूड कुजल्यावर त्याच आकाराची पोकळी उरते. तिच्यात प्लास्टर ओतून मूळ वस्तूचा ठसा मिळवता येतो. पाँपेईत मानवी देहांसाठी ही पद्धत जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये वापरली.

२०२१ मध्ये याच पद्धतीने सुमारे १६ चौरस मीटरची एक खोली उजेडात आली. तीत आपल्याकडील बाजेप्रमाणे दोर ताणलेल्या तीन खाटा होत्या. दोन सुमारे १.७० मीटर लांब, तर तिसरी केवळ १.४० मीटर. शेजारी मातीचे उंच कुंभ, लाकडी पेटी आणि रथाचा दांडा होता. उजेडासाठी उंचावर एकच लहान खिडकी होती.

अर्थ लावताना

आखूड खाट मुलाची असावी आणि येथे एखादे कुटुंब राहत असावे, असे संशोधकांना वाटते. हा अनुमानाचा भाग आहे. खाटेची लांबी हे निरीक्षण आहे. हा फरक विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावा. राहत्या जागेतच सामान साठवले जाई, एवढे मात्र वस्तूंच्या मांडणीवरून स्पष्ट दिसते.

या भागात गज, कुलपे किंवा बेड्या आढळल्या नाहीत. त्यावरून येथील माणसे स्वतंत्र होती, असे ठरत नाही. गुलामांमध्येच श्रेणी निर्माण करून आणि त्यांना कुटुंबात गुंतवूनही मालकाला नियंत्रण ठेवता येई. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या खोलीत एका खाटेवर गादी होती, दुसरीवर नव्हती.

स्वाध्याय : एकाच खोलीतील दोन खाटांमधील या फरकावरून कोणते निष्कर्ष काढता येतील? त्यांपैकी प्रत्येकासाठी आणखी कोणता पुरावा लागेल?