‘आस्तिक’ शब्दाचा मूलार्थ

जुन्या पोथ्यांच्या याद्या करतांना ‘आस्तिक’ व ‘नास्तिक’ हे दोन शब्द वारंवार योजावे लागतात. ईश्वर मानणारा तो आस्तिक व न मानणारा तो नास्तिक, हा अर्थ आपण गृहीत धरून चालतों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां मींही वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांना हेंच सांगितलें. निवृत्त झाल्यावर एका स्नेह्यांच्या संग्रहाची यादी करूं लागलों, तेव्हां आद्यंत पत्रें गहाळ झालेली एक पोथी हातीं आली. जगाचा कोणी कर्ता असणें संभवत नाहीं, असें तींत विस्तारानें प्रतिपादिलें होतें. मीं बासनावर ‘नास्तिकमत’ अशी चिठ्ठी लाविली. पुढें मुद्रित ग्रंथाशीं ताडून पाहतां ती कुमारिलभट्टाच्या श्लोकवार्तिकाची खंडित प्रत निघाली. वेदप्रामाण्याचा एवढा मोठा कैवारी माझ्या चिठ्ठीनें नास्तिक ठरला होता! अशी चूक इतर संग्राहकांकडून होऊं नये, म्हणून या शब्दाचा माग येथें थोडक्यांत काढिला आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. पाणिनीनें अष्टाध्यायींत (४.४.६०) आस्तिक, नास्तिक व दैष्टिक हे तीनही शब्द एकाच सूत्रानें साधिले आहेत. त्यांत ‘अस्ति’ या पदाचा ‘मति’शीं संबंध आहे. यावर महाभाष्यांत पतंजलि शंका काढतो कीं, ज्याला मति आहे तो आस्तिक असा अर्थ घेतल्यास चोरही आस्तिक ठरेल, कारण मति त्यालाही असतेच. म्हणून येथें ‘इति’ शब्दाचा लोप झाला आहे असें समजावें. अर्थात् ‘आहे’ अशी ज्याची मति तो आस्तिक, ‘नाहीं’ अशी ज्याची मति तो नास्तिक. परंतु काय आहे व काय नाहीं? याचें उत्तर काशिकाकार स्पष्ट देतात: परलोक. कैयटाचेंही मत हेंच. व्याकरणाच्या या परंपरेंत आस्तिकाच्या लक्षणांत ईश्वराचा उल्लेखही नाहीं.

धर्मशास्त्रांत दुसरी छटा आढळते. मनुस्मृतींत (२.११) श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला नास्तिक व वेदनिंदक अशीं दोन विशेषणें एकत्र लाविलीं आहेत. वेद न मानणारा तो नास्तिक, या व्याख्येचा आधार म्हणून बहुधा हेंच वचन पुढें केलें जातें. परंतु त्याच स्मृतींत (४.१६३) वर्ज्य गोष्टी सांगतांना नास्तिक्य, वेदनिंदा व देवतांची निंदा हीं पृथक् गणिलीं आहेत. तीं एकच असतीं तर निरनिराळीं सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. पुढें मात्र वैदिक पक्षांत वेदप्रामाण्याचा अर्थ दृढ झाला. मधुसूदनसरस्वतीनें प्रस्थानभेदांत नास्तिकांचीं सहा प्रस्थानें मोजिलीं, त्यांत बौद्धांचीं चार, चार्वाकाचें एक व दिगंबरांचें एक.

आतां ज्यांना असें नास्तिक ठरविलें, त्यांचें म्हणणें ऐकणें उचित होय. जैन आचार्य हरिभद्रसूरि षड्दर्शनसमुच्चयांत बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक व जैमिनीय या सहांनाही आस्तिकवादी म्हणतो. १२ व्या शतकांतील हेमचंद्र आपल्या कोशांत ‘नास्तिक’ हा शब्द चार्वाकाच्या पर्यायांत घालतो व योगशास्त्रांत आस्तिक्य हें सम्यक्त्वाचें एक लक्षण मानतो. बौद्ध नागार्जुनही रत्नावलींत नास्तिकाला दुर्गति प्राप्त होते असें सांगतो. सारांश, आपल्याला नास्तिक म्हणवून घेण्यास यांपैकीं कोणीच तयार नव्हता. परलोक व कर्मफल यांवरील विश्वास हीच त्यांच्या आस्तिक्याची कसोटी होती.

मीमांसकांचें उदाहरण तर सर्वांत बोधप्रद आहे. जगत्कर्त्याचें खंडन करणारा कुमारिल ग्रंथारंभींच म्हणतो कीं, मीमांसा बहुधा लोकायतासारखी करून टाकिली गेली असून तिला आस्तिकांच्या मार्गावर आणण्यासाठीं आपला हा यत्न आहे. माझ्या हातीं आलेल्या पोथीचें पहिलेंच पत्र गहाळ होतें. तें असतें तर ग्रंथकारानेंच माझी चिठ्ठी खोडून काढिली असती.

हल्लींच्या मराठींत रूढ असलेला ईश्वरपर अर्थ त्याज्य आहे असें माझें म्हणणें नाहीं. रूढीला तिचें स्थान आहेच. परंतु तो अर्थ जुन्या पोथीवर लादूं नये. शब्द कोणत्या पक्षाच्या तोंडचा आहे तें आधीं पाहावें. वैयाकरणाचा नास्तिक परलोक नाकारतो, वैदिकाचा वेद नाकारतो, जैनाचा बहुधा चार्वाक असतो. यादींत दर्शनाचें व ग्रंथाचें नांव लिहावें. तें निश्चित होत नसेल तर प्रतिपाद्य विषय तेवढा नोंदवावा, ‘नास्तिकमत’ असा शिक्का मारूं नये. चुकीच्या नांवाखालीं गेलेली पोथी संग्रहांत असूनही अभ्यासकाला नसल्यासारखीच होते. त्या बासनावर आतां नवी चिठ्ठी लाविली आहे. जुनी मीं आंत तशीच राहूं दिली आहे.