पावसाळ्यात हत्यारं गंजू नयेत म्हणून

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज झपाट्याने धरतो. म्हणूनच परभणी, सेलू, पाथरीकडे उन्हाळाभर लखलखीत राहिलेलं रंध्याचं पातं पहिल्याच झडीत लाल पडतं.

सगळ्यात घातक म्हणजे खताचं रिकामं पोतं. युरिया, डीएपीचे उरलेले कण हवेतलं पाणी ओढतात आणि आत गुंडाळलेलं खुरपं खात राहतात. घामातलं मीठही तेच करतं. काळी माती तर ओल धरूनच ठेवते. विळा, कुदळ धुऊन, उन्हात वाळवूनच घरात आणा.

मग तेल. करडईचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं, त्याचं पातळ कवच बनतं. कुऱ्हाडीच्या पात्याला आणि लाकडी दांड्याला ते उत्तम. पक्कड, कात्रीच्या सांध्यात मात्र ते चिकटून बसतं; तिथे मशीन ऑइलच घाला. करडईच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. वाळताना हे तेल तापतं, ढिगात पेटूही शकतं.

गंज चढलाच तर हत्यार रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि लगेच तेल लावा. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूंना हा उपाय नको. आम्ल आधी जस्तच खातं.