गोळी बाजारात, घाव महामार्गावर

चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीवर असलेलं उमर्टी हे नाव खानदेशातल्या पोलिसांना चांगलं ठाऊक आहे. गावठी कट्टा पकडला की तपासाचा माग अनेकदा तिकडे जातो. पण कट्टा घडतो सातपुड्याच्या पायथ्याशी आणि गोळी सुटते भरवस्तीत, हवा असलेला माणूस हमखास सापडतो तिथे. 7 फेब्रुवारी 2024 रोजी चाळीसगावात एका माजी नगरसेवकावर त्याच्याच कार्यालयात गोळीबार झाला. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

जमावावरच्या गोळीबाराचंही ठिकाण बाजारच. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या ‘चले जाव’ मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांनी शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पडले, तेव्हा ते गाव पश्चिम खानदेशात होतं. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्याच्या मच्छीबाजार परिसरातल्या दंगलीत पोलिसांच्या गोळ्यांनी 6 जण गेले. दोन्ही वेळा भरदिवसा. 

रस्त्यावरच्या अपघाताला असं ठिकाण नसतं आणि शत्रूही नसतो. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. त्यात किमान 15 मजुरांचा जीव गेला. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, दिवसाउजेडी, ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला. किमान 10 जण दगावले. देशाचा हिशेब पाहिला तर 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि सर्वाधिक अपघात झाले ते संध्याकाळी 6 ते 9 या वेळात.

जखमाही वेगळ्या. गोळीचं भोक बाहेरून लहान दिसतं, पण आत रक्तवाहिनी फुटली तर पोटात किंवा छातीत रक्त साचत जातं. अपघातात डोकं, बरगड्या, मांडीचं हाड असं सगळं एकदम मोडतं. दोन्हीकडे शत्रू एकच, वाहून जाणारं रक्त. फरक अंतराचा आहे. बाजारातला जखमी रिक्षात घालूनही सिव्हिलला नेता येतो. पळासनेरहून धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय मात्र लांब पडतं, आणि तितका वेळ जखमीकडे नसतो. गोळीबाराची बातमी पहिल्या पानावर येते, हे समजण्यासारखं आहे. पण 108 ची रुग्णवाहिका, रक्ताच्या पिशव्या आणि शल्यविशारद यांची खरी निकड महामार्गालगतच्या शिरपूर, पारोळ्यासारख्या गावांत आहे.

तोवर पहिला हात लावतो तो ढाबेवाला किंवा वाटसरू. त्याच्यासाठी 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं: सद्भावनेने मदत करताना जखमीला काही झालं, तरी मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि त्याखालच्या नियमांनुसार स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.