'लॅब क्रॉस आहे, शांत असेल' म्हणून रेस्क्यू कुत्रा घरी आणताय? आधी या गोष्टी तपासा

मुंबईहून नाशिकला निघालात की भिवंडी मागे पडल्यावर पडघ्याचा टोलनाका लागतो. आजूबाजूला ढाबे, गोदामं, ट्रकच्या रांगा आणि त्यातून वाट काढणारी कुत्री. बहुतेक गावठी. पण नीट बघितलं तर एखाद्याचे कान लॅब्राडोरसारखे पडलेले दिसतात, एखाद्याची पाठ अल्सेशियनसारखी काळी असते, तर एखाद्याच्या शेपटीला पॉमेरेनियनसारखा झुपका असतो.

अशाच एखाद्या कुत्र्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, "लॅब क्रॉस, दोन वर्षांचा, एकदम फ्रेंडली, अर्जंट अडॉप्शन." फोटो बघून जीव हळहळतो, पोरं मागे लागतात आणि संध्याकाळपर्यंत कुत्रा घरात आलेला असतो.

पण ती ओळ परत वाचा. त्यात जात आहे, वय आहे, स्वभाव आहे, घाई आहे. तब्येतीबद्दल मात्र एक शब्द नाही. आणि जे लिहिलंय, तेही बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेलं असतं. घाईत घेतलेला कुत्रा झेपला नाही की तो परत त्याच हायवेवर जातो. मधल्या काळात तो घरातल्या लहान मुलाला चावला, तर विषय आणखी गंभीर होतो.

म्हणूनच क्रॉस जातीचा रेस्क्यू कुत्रा घेण्याआधी काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊ.

दिसण्यावरून स्वभाव कळतो का?

लॅब म्हणजे प्रेमळ, अल्सेशियन म्हणजे राखणदार, पॉमेरेनियन म्हणजे भुंकणारा. हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून क्रॉस कुत्रा दिसला की आपण त्याच्या कानावरून, रंगावरून स्वभाव ठरवून मोकळे होतो.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून वागण्याची माहिती घेतली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला. त्यात दिसलं की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला साधारण ९ टक्केच भाग जातीवरून सांगता येतो.

क्रॉसच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड. कान, रंग, केस अशा गोष्टी थोड्याच जनुकांवर ठरतात. वागणं मात्र अनेक जनुकं, पिल्लूपणीचे दिवस आणि नंतर आलेले अनुभव या सगळ्यांतून घडतं. त्यामुळे लॅबचे कान मिळाले म्हणून लॅबचा स्वभावही मिळाला, असं होत नाही. एकाच विणीतली दोन भावंडं पूर्ण वेगळी निघू शकतात.

मग जातीचा काहीच उपयोग नाही का? थोडा आहे. मोठ्या हाडाचा कुत्रा जास्त खाणार, त्याला जास्त फिरवावं लागणार. कारवान म्हणजेच पश्मीचा क्रॉस असेल तर पळणाऱ्या गोष्टीमागे धावण्याची ओढ जास्त असू शकते. अंगणात कोंबड्या, शेळ्या असतील तर हे आधी तपासायला हवं.

क्रॉस कुत्री आजारीच पडत नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २७ हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. २४ आनुवंशिक आजार निवडले. त्यातले १० आजार जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळले. १३ आजारांत दोघांत फरक दिसला नाही. आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक त्रास तर मिश्र जातीतच जास्त निघाला.

याचा साधा अर्थ, क्रॉस असणं ही तब्येतीची गॅरंटी नाही. लॅब किंवा अल्सेशियनच्या क्रॉसला खुब्याच्या सांध्याचा त्रास येऊ शकतो. बसून उठताना अडखळणं, सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळणं, जिना टाळणं ही त्याची लक्षणं.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. गोचीड आणि खरजेवर आयव्हरमेक्टिन नावाचं औषध सर्रास वापरलं जातं. कोली आणि काही शेफर्ड जातींत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हे औषध जास्त मात्रेत मेंदूवर परिणाम करतं. हा दोष त्यांच्या क्रॉसमध्येही येऊ शकतो. म्हणून कुत्रा शेफर्ड क्रॉस वाटत असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना तसं सांगा.

पडघ्याच्या आसपास कोणत्या आजारांकडे बघायचं?

आनुवंशिक आजारांपेक्षा रेस्क्यू कुत्र्याला खरा धोका असतो तो रस्त्यावर लागलेल्या आजारांचा. आणि प्रत्येक भागाचं हवामान, शेती, वस्ती यावर ते ठरतात.

पहिला, गोचीड ताप. गोचीड रक्तात जंतू सोडते. कुत्रा खाणं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही हा आजार लपलेला असू शकतो. म्हणून घरी आणण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. वेळेत कळलं तर औषधांनी तो बरा होतो.

दुसरा, लेप्टो. हा भाग भातखाचरांचा आणि गोदामांचा. गोदाम म्हटलं की उंदीर आले आणि पावसाळ्यात साचलेलं पाणीही आलं. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू त्या पाण्यात उतरतात. कुत्र्याला तो होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. यावर लस आहे, ती दरवर्षी द्यावी लागते.

तिसरा, पार्व्हो आणि डिस्टेंपर. पिल्लांचे सगळ्यात मोठे शत्रू. पार्व्होचा विषाणू मातीत, फरशीच्या फटीत काही महिने टिकतो. तुमच्या घरी आधी एखादं पिल्लू रक्ताच्या जुलाबाने गेलं असेल, तर लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू तिथे आणू नका. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्याच्या पायाला किंवा जबड्याला आयुष्यभर झटके येत राहू शकतात. असा कुत्रा चांगला जगू शकतो, पण ते माहीत असून घ्यावं.

चौथा, गुप्तांगावरची संसर्गजन्य गाठ. रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिलनातून पसरते. तिथून रक्ताचे थेंब पडताना दिसले तर 'माजावर आली असेल' म्हणून सोडून देऊ नका. इंजेक्शनच्या कोर्सने ही गाठ बहुतेक वेळा पूर्ण बरी होते.

आणि शेवटी रेबीज. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत अनेक आठवडे, कधी महिने जातात. म्हणजे आज निरोगी दिसणारा, पूर्वी लस न घेतलेला कुत्रा आतून बाधित असू शकतो. लसीचं कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरून पहिल्याच भेटीत टोचून घ्या. पिल्लाला ती तिसऱ्या महिन्यात देतात. आणि कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. माणसात लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपचार जवळपास नाहीतच.

एक सूचना. कुत्र्याला ताप आला म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कुत्र्यांना विषारी ठरतात.

स्वभाव कसा ओळखायचा?

एका भेटीत ओळखता येत नाही. घाबरलेला कुत्रा गप्प बसतो आणि आपण त्याला 'शांत' म्हणतो. म्हणून किमान दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी भेटा. एकदा तो खात असताना, एकदा बाहेर फिरवताना, एकदा घरातल्या सगळ्यांना घेऊन.

काय बघायचं? शेपूट पायात घालणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, भूक नसताना ओठ चाटणं, पुन्हा पुन्हा जांभई देणं, एकदम ताठ होऊन थिजणं. ही सगळी 'मला भीती वाटतेय' याची चिन्हं. ती दिसली म्हणून कुत्रा वाईट नाही. त्याला वेळ लागेल, इतकंच.

ज्यांनी सांभाळलाय त्यांना थेट विचारा. ताटाजवळ गेलं की गुरगुरतो का? आतापर्यंत कुणाला चावलाय का? लहान मुलांत राहिलाय का? एकटा राहिला की दार खरवडतो का? फटाके, ट्रकचा हॉर्न यांना कसा वागतो? 'काहीच त्रास नाही' असं उत्तर मिळालं तर 'तुमच्याकडे किती दिवस होता?' हेही विचारा.

कुत्रा गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग एक दिवस तो न सांगता चावतो.

घरी आणल्यावर काय?

रेस्क्यूवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो. तीन दिवस बुजण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने आपलं घर वाटायला. पहिल्या दिवशी नातेवाईक बोलावून फोटोसेशन करू नका. त्याला एक कोपरा द्या, जेवणाची वेळ ठरवा. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका, कुत्रा कितीही गरीब वाटला तरी.

जागा पत्र्याची असेल तर मे महिन्याचा विचार आधीच करा. दाट केसांच्या क्रॉसला पत्र्याखाली दुपारी उष्माघात होऊ शकतो. दिवसभर साखळीला बांधूनही ठेवू नका. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, म्हणून भीती वाटली की चावणं हाच मार्ग त्याला उरतो.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. मोठ्या उपचारासाठी परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, पण पडघ्याहून तिथे जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तेवढी तयारी आहे का, हे घरात आधी बोला.

कायदा काय सांगतो?

कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली असते. नसेल तर ती करून घ्या. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, हे घेणाऱ्याने बघायचं.

झेपला नाही म्हणून सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल, ही आशा कमीच.

मग घ्यायचा की नाही?

जरूर घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला आणलेला 'गोवा' आठवतोय? तो गोव्यात सापडलेला रस्त्यावरचाच कुत्रा. बॉम्बे हाऊसमध्ये तर २०१८ मध्ये भटक्या कुत्र्यांसाठी खास जागा करण्यात आली. ते फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. पण त्या कुत्र्यांना जागा होती, वेळेवर खाणं होतं आणि बघायला माणसं होती. फोटोत ते दिसत नाही.

तुमच्याकडे यातलं काय काय आहे, ते मोजा. कमी पडत असेल तर काही दिवस तात्पुरता सांभाळा, किंवा एखाद्या कुत्र्याच्या लसीचा खर्च उचला. तीही मदतच आहे.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'लॅब क्रॉस, फ्रेंडली, अर्जंट' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा, 'लसीचं कार्ड आणि रक्ताचा रिपोर्ट आहे का?'